दिवा लागला, पण बोलणं होईना

मागच्या महिन्यात या सदरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी आणि किती घालावं, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर दौंडच्या एका भगिनीचं पत्र आलं. त्या लिहितात, "मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तारा आणि हिरव्या पाट्या घेऊन रात्र रात्र बसतो. काही चाललं नाही की जेवतही नाही, बोलतही नाही. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही काय करावं?"

या पत्राला उत्तर द्यायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. असाच प्रसंग ऑगस्टमध्ये आमच्याच घरात घडला. तो जसा घडला तसा सांगते. त्यात तारेची माहितीही येईल आणि आईबापांनी काय करावं तेही येईल.

माझी आपा शिरूरजवळ, घोड नदीच्या अंगाला एका वाडीवर राहते. दूल्हेभाईंची चार एकर जमीन. उन्हाळी कांदा हेच घर चालवणारं पीक. त्यांची थोरली मुलगी, माझी भाची, पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला शिकते. आमच्या दोन्ही घरांत मिळून इंजिनिअर होणारी ती पहिलीच.

त्या रविवारी ती माझ्याकडे शिरूरला आली. एरवी आली की आधी स्वयंपाकघरात डोकावून "खाला, काय केलंय?" असं विचारणारी पोरगी, त्या दिवशी पलंगाच्या कडेला बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं बेटा?" तर म्हणाली, "काही नाही." दुसरा चहा झाल्यावर तिनं पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. एटीएम कार्डाएवढी एक पाटी, त्यावर काळ्या चकत्या आणि बारीक खाचा. "खाला, हा बोर्ड जळला बहुतेक. माझ्याच हातानं."

तो बोर्ड तिचा नव्हता. महाविद्यालयानं प्रकल्पासाठी तिच्या सहीवर दिला होता. बिघडला तर भरून द्यायचा. मंगळवारी सरांना काम दाखवायचं होतं. पाच दिवस तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मैत्रिणींनी नवा घ्यायला सांगितलं होतं. ईदला मिळालेले पैसे आणि मेसचे दोन महिन्यांचे पैसे एकत्र केले तर जमेल, असा हिशेब तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलेला मी पाहिला. दोन महिने मुलगी काय खाणार होती, हे त्या हिशेबात कुठेच नव्हतं.

मी काही इंजिनिअर नाही. शिरूरमध्ये बरीच वर्षं एमएस-सीआयटीचे वर्ग घेते, एवढंच. पण वर्गात एक गोष्ट शिकले आहे. "बंद पडलं" असं सांगणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचं यंत्र बंद पडलेलं नसतं, मधली कुठली तरी एक कडी सुटलेली असते. म्हणून म्हटलं, "रडायचं ते नंतर रडू. आधी जोडून तर दाखव."

आधी प्रकल्प काय होता ते सांगते. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरतात आणि भाव बघत दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कांदा सडायला लागतो. हवा फार कोरडी आणि गरम असेल तर वजन घटतं. आपल्याच पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. साध्या चाळीत कांदा टिकवायचा तर तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी, अशी शिफारस आहे. आदल्या वर्षी दूल्हेभाईंच्या चाळीतला बराच माल नासला होता. तेव्हाच भाचीनं ठरवलं की चाळीतलं तापमान आणि दमटपणा मोजून नोंदवत राहणारं यंत्र करायचं. त्यासाठी हा बोर्ड.

या बोर्डाचं नाव बीगलबोन ब्लॅक. २०१३ साली तो बाजारात आला. दिसायला पाटी असली तरी तो एक पूर्ण संगणकच आहे. त्याला प्रोसेसर आहे, ५१२ एमबी मेमरी आहे आणि आत लिनक्स चालतं. फक्त पडदा आणि कीबोर्ड नाही. म्हणून तो आपल्या लॅपटॉपला यूएसबीच्या तारेनं जोडतात आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून त्याला कामं सांगतात.

यूएसबीची तार आपल्याला फोन चार्ज करणारी म्हणून ठाऊक आहे. तिचं पहिलं मानक १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्यांत बडोद्याला शिकलेले अजय भट्ट अग्रणी होते. तेव्हा प्रिंटरला एक तार, माऊसला दुसरी, कीबोर्डला तिसरी असा गोंधळ होता. एकाच प्रकारच्या जोडणीनं सगळं चालावं, हा त्यामागचा विचार. पुढे याच तारेतून दोन संगणकांचं नेटवर्कही होऊ लागलं. बोर्ड तारेतून लॅपटॉपला सांगतो, "मला नेटवर्कचं कार्ड समज." लॅपटॉपनं ते मान्य केलं की दोघांमध्ये दोनच घरांची एक गल्ली तयार होते. बीगलबोनच्या गल्लीत बोर्डाचा पत्ता १९२.१६८.७.२ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.७.१ असा ठरलेला असतो.

भाची म्हणाली, "सोमवारी लॅबमध्ये छान चाललं. रात्री होस्टेलवर लावलं तर नाही. म्हणजे मधे जळला." मी विचारलं, "दिवा लागतो का?" "लागतो." "मग जळला कसा म्हणतेस?"

बोर्ड जोडला. निळा दिवा लागला. थोड्या वेळानं शेजारच्या चार बारीक दिव्यांपैकी एक लुकलुकू लागला. दोन ठोके, थोडं थांबून पुन्हा दोन ठोके, अगदी छातीतल्या ठोक्यांसारखे. तो दिवा त्याच कामासाठी असतो. आतलं लिनक्स जिवंत आहे, एवढंच तो सांगतो. मी म्हटलं, "बघ, नाडी लागते आहे." तिनं पाच दिवसांत तो दिवा पाहिलाच नव्हता. तिचं सगळं लक्ष लॅपटॉपच्या पडद्यावर होतं.

आता दुसरी गोष्ट. तार लावल्यावर लॅपटॉपनं "टुणुक" असा आवाज करायला हवा होता. तो झाला नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून तार काढली, पुन्हा लावली. यादीत काहीच हललं नाही. म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीनं दारात कुणी आलेलंच नव्हतं. मी तार हातात घेतली. "ही लॅबची का?" "नाही. लॅबमधून फक्त बोर्ड मिळाला. ही घरची, चार्जिंगच्या दिव्याची."

इथेच पहिली गाठ सुटली. साध्या यूएसबी तारेत आत चार बारीक तारा असतात. लाल आणि काळी विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. फक्त चार्जिंगसाठी दिलेल्या स्वस्त तारेत पुष्कळदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बोर्डाला वीज मिळते, दिवा लागतो, पण बोलायला वाटच नसते. फोन लावल्यावर चार्ज होतो पण फोटो संगणकात येत नाहीत, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. कारण बहुधा हेच.

या बोर्डाला जुन्या पद्धतीचं मिनी यूएसबी तोंड असतं. हल्लीच्या फोनची तार त्याला बसत नाही. मी कपाटातून जुना कॅमेरा काढला. आपाच्या धाकट्या नणंदेच्या निकाहाचे फोटो त्यानंच काढले होते. त्याची तार डब्यात तशीच होती. ती लावली आणि लॅपटॉप बोलला, "टुणुक". बोर्डाच्या नावाचा एक छोटा ड्राइव्हही पडद्यावर उगवला. भाचीनं माझ्याकडे पाहिलं. पाच दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रश्नचिन्ह दिसलं. तोवर नुसता निकाल दिसत होता.

पण नेटवर्क अजून नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आरएनडीआयएस' नावापुढे पिवळी खूण होती. पाहुणा दारात आला आहे, पण त्याची भाषा घरात कुणाला कळत नाही, असा त्याचा अर्थ. ही भाषा कळण्यासाठी जो छोटा प्रोग्राम लागतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. लॅबच्या संगणकांत तो आधीच बसवलेला होता, हिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये नव्हता. त्या नावावर उजवं बटण दाबून 'अपडेट ड्रायव्हर' निवडलं. मग संगणकातल्याच यादीतून निवडण्याचा पर्याय घेतला. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स', मग 'मायक्रोसॉफ्ट' आणि शेवटी 'रिमोट एनडीआयएस कंपॅटिबल डिव्हाइस'. पिवळी खूण गेली. कुठल्या तरी अनोळखी जागेवरून ड्रायव्हर उतरवायची गरजच पडली नाही. तशी उतरवू नयेही. त्यातून व्हायरस येतात.

इथे भाचीनं घाईनं पुढची तीन बटणं दाबायला हात नेला. मी तो धरला. होस्टेलवर त्या रात्री तिनं नेमकं हेच केलं होतं. एकाच वेळी सेटिंग बदललं, ड्रायव्हर काढला, दुसरा घातला, पुन्हा सेटिंग बदललं. मग काय केल्यानं काय झालं, हे तिचं तिलाच सांगता येईना. आमच्या वर्गात मी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कागदावर लिहा. बदल उपयोगी पडला नाही तर तो मागे घ्या, मगच पुढचा करा. आजीच्या औषधांचंही आपण असंच करतो. पाच गोळ्या एकदम सुरू केल्या तर पुरळ कशानं उठलं ते डॉक्टरलाही कळत नाही.

तिसरी कडी पत्त्याची. कमांडच्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' लिहिलं की लॅपटॉप आपले पत्ते दाखवतो. तिथे या नव्या जोडणीचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा होता. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेटवर्कमध्ये आल्यावर लॅपटॉप विचारतो, "मला पत्ता कोण देणार?" कुणीच उत्तर दिलं नाही, तर तो स्वतःच स्वतःला १६९.२५४ मधला एक पत्ता लावून घेतो. म्हणजे तार ठीक, भाषा ठीक, पण पत्ता वाटणारा गप्प. एरवी बीगलबोन स्वतःच लॅपटॉपला पत्ता देतो. या बोर्डावर आधीच्या तुकडीतल्या कुणीतरी ती सोय बंद केलेली असावी. लॅबमधल्या संगणकांना हातानं पत्ते दिलेले होते, त्यामुळे तिथे कुणाला हे जाणवलं नाही.

मग आम्हीही हातानं पत्ता दिला. त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी आवृत्ती ४ उघडून पत्ता १९२.१६८.७.१ आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० लिहिला. 'गेटवे'ची जागा मुद्दाम रिकामी ठेवली. तिथे बोर्डाचा पत्ता भरला, तर लॅपटॉपला इंटरनेटही बोर्डातूनच येतंय असं वाटू शकतं आणि चालू असलेलं वाय-फाय अडतं. हे आकडे टाइप करताना मात्र इंग्रजी आकडेच वापरावेत.

आता 'पिंग १९२.१६८.७.२' लिहायचं. पिंग म्हणजे दारावर टकटक करून "आहात का?" असं विचारणं. भाचीनं एंटर दाबलं. एक ओळ आली. मग दुसरी, तिसरी, चौथी. चारही वेळा आतून उत्तर आलं. ती काही बोलली नाही. रुमाल घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धुत राहिली. मीही हाक मारली नाही.

परत आल्यावर तिला लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'नो इंटरनेट' अशी सूचना दिसली आणि पुन्हा चेहरा उतरला. ही सूचना फसवी आहे. या दोन घरांच्या गल्लीत इंटरनेट नसतंच. बोर्डाशी बोलता येतं आहे ना, मग झालं. एसएसएचनं आत शिरून तिनं आपलं काम पाहिलं. सगळं जसंच्या तसं होतं. एकही ओळ गेली नव्हती. होस्टेलवर एकानं तिला "सगळं पुसून नव्यानं लिनक्स भर" असा सल्ला दिला होता. तो ऐकला असता तर न बिघडलेल्या बोर्डावरचं महिनाभराचं काम तिनं स्वतःच्या हातानं पुसलं असतं.

उठण्याआधी मी तिच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. बोर्डाचा मूळ पासवर्ड बदलायला लावला, कारण तो सगळ्या जगाला ठाऊक असतो. आणि तार उपटण्याआधी बोर्ड नीट बंद करायची सवय लावली. चालू बोर्डाची वीज अचानक तोडली, तर आतल्या नोंदी बिघडू शकतात.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी वाडीवर गेलो. चाळीच्या मधल्या कप्प्यात सेन्सर टांगला, लॅपटॉप उलट्या क्रेटवर ठेवला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पडद्यावर तापमान २७ अंश, आर्द्रता ८४ टक्के आली. दूल्हेभाई मागे हात बांधून बघत होते. म्हणाले, "दमट झालंय ते मला नाकानंच कळतं. त्याला एवढं यंत्र कशाला?" भाची म्हणाली, "नाकाला कळतं तेव्हा कांदा नासलेला असतो अब्बा." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तेव्हा चाळीच्या बाजूला पावसासाठी बांधलेली ताडपत्री त्यांनी स्वतः वर गुंडाळली आणि संध्याकाळी मुलीला फोन करून विचारलं, "आता आकडा किती असेल, गं?" बोर्ड तिच्याबरोबर पुण्याला गेला होता. ती म्हणाली, "दिवाळीला कायमचा बसवते."

मंगळवारी तिनं सरांना काम दाखवलं. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली. मेसचे पैसे मेसलाच गेले.

आता दौंडच्या भगिनीला, आणि अशा सगळ्या घरांना, दोन शब्द.

घरात कुणी असा बोर्ड घेऊन बसत असेल, तर हा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला लावा. दिवा लागतो का? ठोका देणारा दिवा लुकलुकतो का? तार लावल्यावर संगणक आवाज करतो का? नसेल तर तार बदला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आहे का? असेल तर ड्रायव्हर. पत्ता १६९.२५४ नं सुरू होतो का? होत असेल तर पत्ता हातानं द्या. पिंगला उत्तर येतं का? हे सगळं झाल्यावरही काही चाललं नाही, तरच बोर्डावर संशय घ्या आणि तेव्हाही आधी शिक्षकांना दाखवा, दुकानात नंतर जा. लिनक्सची भीती वाटत असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे धडे फुकट मिळतात, मराठीतूनही आहेत. मुलांबरोबर आईनंही बसून पाहावेत.

पण मला जास्त वाटतं ते वेगळंच. माझ्या भाचीला तंत्र येत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा तिला किती तरी जास्त येतं. पत्त्याचं ते सगळं तिनं परीक्षेत लिहिलं आहे. तिला पाच दिवस अडवलं ते भीतीनं. आपण बिघडवलं, आता घरी काय सांगायचं, एवढ्या लांब शिकायला पाठवलं आणि हिनं हे केलं असं चारचौघांत होईल, या भीतीनं. भ्यालेला माणूस समोर लुकलुकणारा दिवाही बघत नाही. आपल्या घरांत पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलामुलींच्या खांद्यावर हे ओझं जास्त असतं. त्यांना वाटतं, आपण चुकलो तर मागून येणाऱ्या बहिणीचंही शिक्षण थांबेल.

म्हणून मूल गप्प बसलं तर "काय मोडलंस?" असं विचारू नका. "कुठपर्यंत चालतंय?" असं विचारा. या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे त्याला पहिल्या कडीपासून मोजायला लागावं लागतं. तुम्हाला त्यातलं काही कळायला हवं असं नाही. शेजारी बसून "बरं, मग पुढे?" एवढं म्हणत राहिलात तरी निम्मं काम होतं. त्या रविवारी मीही बहुतेक वेळ तेवढंच करत होते.

आपानं चार्जिंगच्या दिव्याच्या त्या तारेला लाल दोरा बांधून ठेवला आहे. कॅमेऱ्याची तार भाची पुण्याला घेऊन गेली. तुमच्या घरातल्या तारांच्या डब्यातही आज एकदा बघा. कुठली तार नुसती वीज नेते आणि कुठली बोलणंही नेते, हे तपासून लाल दोरा बांधून ठेवा. उद्या कुणाची तरी परीक्षा त्यावरच अडलेली असेल.